बुलेटचा सायलेन्सर बदलायचाय? आत काय असतं, काय बिघडतं आणि कायदा काय म्हणतो, आधी समजून घ्या

ग्रामीण प्रतिनिधी : उसाचं बिल जमा झालं, द्राक्षाचे पैसे आले किंवा पोराला कंपनीत नोकरी लागली, की घरातली पहिली मोठी खरेदी बऱ्याचदा बुलेटची असते. दोन लाखाच्या वरची गाडी दारात येते, हार घातला जातो, पेढे वाटले जातात. आणि आठ-पंधरा दिवसांत तीच गाडी तालुक्याच्या गावी एखाद्या गॅरेजसमोर उभी दिसते. कशासाठी, तर कंपनीचा सायलेन्सर काढून दुसरा टाकायला. ‘कंपनीचा आवाज लय बारीक आहे’, एवढंच कारण पोरं सांगतात.

यावर गावात भांडणं होतात, पोलीस चलन फाडतात, म्हातारी माणसं शिव्या घालतात. पण सायलेन्सर नेमकं करतो काय, तो काढल्यावर इंजिनाचं काय होतं, आणि दंड नेमका कोणत्या कलमाखाली लागतो, हे सरळ भाषेत कोणी सांगत नाही. पोरांना नुसतं ‘करू नको’ म्हटलं तर ती ऐकत नाहीत, हा सगळ्यांचाच अनुभव आहे. म्हणून आज हा विषय मुळापासून बघूया.

सायलेन्सर म्हणजे नुसता पोकळ पाइप नाही

सध्याच्या बुलेट ३५० चं इंजिन ३४९ सीसीचं, एकाच सिलिंडरचं आणि चार स्ट्रोकचं आहे. चार स्ट्रोक म्हणजे क्रँक दोन फेरे फिरला की आत एकदा पेट्रोल पेटतं. गाडी जागेवर उभी असताना इंजिन मिनिटाला साधारण एक हजार फेरे घेत असेल, तर मिनिटाला पाचशे वेळा, म्हणजे सेकंदाला आठेक वेळा आत स्फोट होतो. प्रत्येक स्फोटानंतर एक्झॉस्ट वाल उघडला की तापलेला वायू दाबाने बाहेर पडतो. त्याचा जो ‘ढप’ असा आवाज होतो, तोच एकामागे एक येऊन बुलेटची ‘डुगडुग’ बनतो. सिलिंडर एकच आणि मोठा असल्यामुळे दोन ठोक्यांच्या मधे मोकळी जागा राहते आणि कानाला ताल जाणवतो. चार सिलिंडरच्या गाडीत तेच ठोके इतके जवळ येतात की नुसती घरघर ऐकू येते.

हा वायू आधी बेंड पाइपमधून येतो आणि मग सायलेन्सरमध्ये शिरतो. विहिरीवरची मोटर चालू केली की पाइपातून पाणी जोरात उसळतं. तेच पाणी आधी हौदात सोडलं, तर हौदाच्या दुसऱ्या तोंडातून पाटात संथ जातं. पाणी तेवढंच, पण जोर हौदाने खाल्ला. सायलेन्सरमध्ये असेच दोन-तीन ‘हौद’ म्हणजे कप्पे असतात आणि त्यांना जोडणाऱ्या भोकाच्या नळ्या असतात. आवाजाच्या लाटा कप्प्याच्या भिंतीवर आपटून मागे फिरतात, समोरून येणाऱ्या लाटांना भिडतात आणि एकमेकींचा जोर मोडतात. काही सायलेन्सरमध्ये कप्प्यांऐवजी सरळ भोकाची नळी असते आणि तिच्याभोवती ग्लास वूल म्हणजे काचेचा कापूस भरलेला असतो. हा कापूस आवाज शोषतो, पण उष्णतेने आणि वायूच्या माऱ्याने हळूहळू जळून-उडून जातो. म्हणून असा सायलेन्सर नवा असताना बरा वाटतो आणि वर्षभरात बोंबलायला लागतो.

आत लपलेली महागडी जाळी

१ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ हे प्रदूषणाचे नियम लागू झाले. तेव्हापासूनच्या गाड्यांमध्ये कॅटॅलिटिक कन्व्हर्टर हा भाग फार महत्त्वाचा झाला. मधमाशीच्या पोळ्यासारखी ती एक बारीक जाळी असते आणि तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम या मौल्यवान धातूंचा पातळ थर असतो. विषारी कार्बन मोनॉक्साइड, न जळालेलं पेट्रोल आणि नायट्रोजनचे ऑक्साइड या जाळीवरून जाताना त्यांचं रूपांतर कार्बन डायऑक्साइड, पाण्याची वाफ आणि साध्या नायट्रोजनमध्ये होतं. ही जाळी काही गाड्यांत बेंड पाइपमध्ये असते, काहींत सायलेन्सरच्या आत. आत असेल तर सायलेन्सर काढला की जाळीही गेली.

मध्यंतरी आपल्या राज्यात आणि गुजरातमध्ये मारुती ईको गाड्यांचे सायलेन्सर रातोरात चोरीला जायचे, ते वाचकांना आठवत असेल. चोरांना लोखंडाचं काही पडलेलं नव्हतं. आतल्या जाळीची भुकटी त्यांना विकायची होती. आता विचार करा, गॅरेजवाला नवा सायलेन्सर बसवून झाल्यावर ‘जुना इथंच राहू द्या, दोन-तीनशे कमी करतो’ म्हणाला, तर फायदा कोणाचा? सगळेच गॅरेजवाले तसे नसतात. पण कंपनीचा मूळ सायलेन्सर ही तुमच्या गाडीतली किमती वस्तू आहे आणि नवा घ्यायला गेलात तर बाहेरच्या सायलेन्सरच्या कितीतरी पट पैसे पडतात, एवढं ध्यानात ठेवा. काहीही झालं तरी तो भंगारात देऊ नका.

बाजारात काय काय मिळतं

इंदोरी, पंजाब, डॉल्फिन, शॉर्ट बॉटल, लाँग बॉटल, मेगाफोन अशी नावं पोरांना पाठ असतात. नाव कुठलंही असो, प्रकार चारच आहेत.

पहिला : बेंड पाइप कंपनीचाच ठेवून फक्त मागचा सायलेन्सर बदलायचा. सर्वात जास्त हेच चालतं.

दुसरा : कंपनीचाच सायलेन्सर ठेवायचा, पण तो मागून कापून आतली जाळी आणि पडदे काढायचे आणि परत वेल्डिंग मारायचं. वरून बघणाऱ्याला सायलेन्सर कंपनीचा दिसतो, आत मात्र रिकामा डबा.

तिसरा : कंपनीच्या सायलेन्सरला बाहेरचा पाइप जोडायचा. बेंड पाइप जाड घ्यायचा किंवा मागच्या तोंडाला दुसरी नळी लावायची.

चौथा : बेंडपासून शेवटापर्यंत सगळंच बदलायचं.

काही सायलेन्सरच्या तोंडाशी एक सुटी नळी स्क्रूने बसवलेली असते, तिला पोरं ‘डीबी किलर’ म्हणतात. ती लावली की आवाज कमी, काढली की जास्त. नाका आला की लावायची आणि पुढे गेल्यावर काढायची, असा खेळ चालतो. पण नळी लावली म्हणून तो सायलेन्सर कायद्यात बसला, असं होत नाही.

‘पिकअप वाढतो’ हे किती खरं?

गॅरेजवर हमखास सांगतात, ‘फ्री फ्लो टाका, गाडी मोकळी होते, पिकअप वाढतो.’ यात थोडं तथ्य आहे, पण ते रेसच्या गाडीपुरतं. इंजिन खूप जास्त फेऱ्यांवर पळतं तेव्हा वायूला बाहेर पडायला मोठी वाट लागते. तिथे सायलेन्सर, बेंड पाइप, हवेचा फिल्टर आणि पेट्रोलचं प्रमाण असं सगळं जुळवून बदललं, तर ताकद थोडी वाढते.

बुलेटचं इंजिन त्या जातीचं नाही. त्याची ताकद आहे २० बीएचपीच्या आसपास, आणि ओढ म्हणजे टॉर्क २७ न्यूटन मीटर, तोही चार हजार फेऱ्यांवर. ही गाडी खालच्या फेऱ्यांवर ओढायला बनवली आहे. तिथे वायूचा वेग महत्त्वाचा असतो. बाहेर पडणारा वायू वेगात गेला की मागे पोकळी सोडतो आणि सिलिंडरमधला उरलेला धूर ओढून नेतो. पाइप गरजेपेक्षा मोठा केला की वेग पडतो. थेंब-थेंब सिंचनाच्या नळीत पाण्याला दाब का लागतो, हे शेतकऱ्याला सांगायला नको. मेन लाइन उगाच मोठी टाकून दाब वाढत नाही. म्हणून बदललेल्या सायलेन्सरवर आवाज वाढतो आणि आवाज वाढल्यामुळे गाडी जोरात पळतेय असं वाटतं. घाटात डबल सीट चढताना मात्र ती आधीपेक्षा ढिली पडलेली कळते.

दुसरी गोष्ट जुन्या बुलेटच्या तालाची. घरातले जुने लोक म्हणतात, ‘आमच्या वेळच्या बुलेटचा आवाजच वेगळा.’ ते खरं आहे. जुनं कास्ट आयर्न इंजिन, जड फ्लायव्हील, संथ आयडल आणि जाळी नसलेला सायलेन्सर, या सगळ्यांचा मिळून तो ताल होता. नुसता सायलेन्सर बदलून तो ताल येत नाही, येतो फक्त गोंगाट. काही जण कार्बोरेटरच्या गाडीचं आयडल फार खाली आणून तो ताल काढायला बघतात. पण इंजिन हळू फिरलं की ऑइल पंपही हळू फिरतो आणि वरच्या भागाला तेल कमी पडतं. ताल मिळतो, पण हेडचं काम निघतं.

सेन्सर गोंधळला की मायलेज गेलं

बीएस-६ बुलेटमध्ये कार्बोरेटर नाही, इंजेक्शन आहे. एक्झॉस्टच्या पाइपावर ऑक्सिजन सेन्सर असतो. धुरात ऑक्सिजन किती उरला ते तो बघतो आणि ईसीयूला कळवतो. त्यावरून पेट्रोल किती सोडायचं ते ठरतं.

बाहेरच्या स्वस्तातल्या बेंड पाइपला बऱ्याचदा या सेन्सरची जागाच नसते. मग मेकॅनिक सेन्सर काढून टेपने बांधून ठेवतो. सेन्सर उघड्या हवेत लटकतो, त्याला नुसता ऑक्सिजन दिसतो आणि ‘पेट्रोल कमी पडतंय’ असा निरोप जातो. ईसीयू पेट्रोल वाढवतो. परिणाम : प्लग काळा, मायलेज खाली आणि मीटरमध्ये इंजिनाचा पिवळा दिवा. काही ठिकाणी तो दिवासुद्धा दिसू नये म्हणून वायर कापतात. मग पुढे खरोखर काही बिघडलं तरी कळायचा मार्ग बंद.

उलटंही होतं. सायलेन्सरच्या सांध्यात गॅस्केट नीट बसलं नाही तर तिथून बाहेरची हवा आत ओढली जाते आणि सेन्सर फसतो. जुन्या कार्बोरेटरच्या गाडीत सायलेन्सर मोकळा केला आणि जेट तोच ठेवला, तर पेट्रोल कमी आणि हवा जास्त असं होऊ शकतं. मग इंजिन जास्त तापतं, बेंड पाइप निळा पडतो आणि थ्रॉटल सोडला की फट-फट करतं. पोरांना वाटतं गाडी सेट झाली. खरं तर गाडी तक्रार करत असते.

फटाके फुटतात म्हणजे काय होतं

रस्त्याने जाताना अचानक बंदुकीसारखा ‘ठो’ आवाज येतो, त्याची युक्ती अशी. चालत्या गाडीत चावी क्षणभर बंद करायची. स्पार्क थांबतो, पण इंजिन फिरत असतं आणि कार्बोरेटरमधून पेट्रोल ओढलं जातच असतं. ते न जळता तापलेल्या सायलेन्सरमध्ये साचतं. चावी परत चालू केली की पुढच्या स्फोटाची आग त्या साचलेल्या पेट्रोलला लागते आणि सायलेन्सरच्या आत भडका होतो. इंजेक्शनच्या गाडीत चावी बंद केली की पेट्रोलही बंद होतं, म्हणून तिथे वायरिंगमध्ये छेडछाड करून हा प्रकार केला जातो.

हा भडका जिथे होतो ती जागा स्फोटासाठी बनवलेलीच नाही. एक्झॉस्ट वाल आणि त्याची सीट जळते, कॅटॅलिटिक जाळी वितळते किंवा तिचे तुकडे होऊन वाट तुंबते, सायलेन्सरचे सांधे उकलतात. वायरिंग कापलेली असेल तर कंपनी वॉरंटीला नकार देते. इंजिनाचं हेड उघडायची वेळ आली की दोन-तीन हजाराच्या हौसेचा हिशेब पाच आकड्यांत जाऊ शकतो.

आवाजाचं गणित

आवाज डेसिबलमध्ये मोजतात. पण हे लिटर-किलोसारखं सरळ माप नाही. १० डेसिबल वाढले की आवाजाची ऊर्जा दहापट होते. २० वाढले की शंभरपट.

केंद्राच्या नियमांनुसार १७५ सीसीच्या वरच्या दुचाकीला बनवतानाच ८० डेसिबलची मर्यादा आहे. ८० ते १७५ सीसीला ७७ आणि ८० सीसीपर्यंत ७५. नऊ सीटपर्यंतच्या प्रवासी कारला तर ७४ च. ही मोजणी गाडी वेग घेत जात असताना, तिच्या मार्गापासून साडेसात मीटरवर माइक ठेवून करतात. आपल्या पुण्यात १९६६ पासून असलेली एआरएआय ही संस्था अशा चाचण्या करून मॉडेलला मान्यता देते. म्हणजे कंपनीने ‘बारीक’ आवाज मुद्दाम दिलेला नाही, तो मर्यादेत बसवलेला आहे.

समजा, सायलेन्सर बदलून हाच आवाज ९५ वर गेला. आकडा फक्त १५ ने वाढला, पण ऊर्जा तीसपटीपेक्षा जास्त झाली. म्हणजे तीस बुलेट एकदम घरासमोरून गेल्यासारखं. तुलनेला सांगतो, राहत्या भागासाठी आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबल आहे. दवाखाने, शाळा-कॉलेज आणि कोर्टाभोवतीच्या शंभर मीटरच्या शांतता क्षेत्रात ती आणखी कमी, म्हणजे ५० आणि ४०.

चालवणाऱ्याचा कानही त्यातून सुटत नाही. अमेरिकेतल्या कामगार आरोग्य संस्थेच्या मापाप्रमाणे ८५ डेसिबलमध्ये दिवसाला आठ तास हीच सुरक्षित हद्द मानतात, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक. कानाच्या आतल्या बारीक पेशी एकदा मेल्या की परत येत नाहीत. रात्री उशीवर डोकं टेकवल्यावर कानात शिट्टी वाजायला लागली, तर ती पहिली खूण समजायची.

गावात याचा त्रास कोणाला

शहरात आवाज इतर आवाजात मिसळून जातो. खेड्यात रात्री साडेदहाला एक बुलेट वेशीतून शिरली की शेवटच्या वस्तीपर्यंत ऐकू येते. दहावी-बारावीच्या परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये असतात, आणि लग्नांच्या वराती व जत्राही त्याच सुमारास सुरू होतात. ज्या घरात बायपास झालेला माणूस आहे, बाळंतीण आहे, त्या घराला या ‘ठो’चा अर्थ विचारा.

जनावरांचं तर कोणी बोलतच नाही. गाय-म्हैस धारेला बसलेली असताना अचानक मोठा आवाज झाला तर ती दूध चोरते, हे प्रत्येक दूधवाल्याला माहीत आहे. त्यामागे कारण आहे. पान्हा सुटायला लागणारं संप्रेरक भीतीच्या वेळी काम करत नाही. आमच्या शिवारात मागच्या हंगामात उसाची बैलगाडी रस्त्याने चालली असताना मागून आलेल्या गाडीने फटाका वाजवला आणि बैल बुजून चारीत उतरले. जू मोडलं, उसाच्या मोळ्या रस्त्यावर पडल्या. गाडीवान वेळीच बाजूला उडी मारू शकला म्हणून निभावलं. गाडीवाला पोरगा वाईट नव्हता, ओळखीचाच होता. बैल बुजतील हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं.

कायदा नेमकं काय सांगतो

मोटार वाहन कायदा, १९८८ मधल्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ रचनेपेक्षा वेगळा बदल मालकाला परस्पर करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये केरळमधल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केलं. शिक्षेची कलमं अशी :

– कलम १८२-अ (४) : परवानगीशिवाय गाडीत बदल केल्यास मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलासाठी ५ हजार रुपये दंड, किंवा दोन्ही.

– कलम १९० (२) : आवाज आणि हवेच्या प्रदूषणाचे निकष मोडून गाडी चालवल्यास पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १० हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय तीन महिने लायसन्स अपात्र.

– कलम १९४-फ : धूर सायलेन्सरमधून न जाता मधूनच बाहेर सोडणारी सोय असेल तर पहिल्या वेळी १ हजार, पुढच्या वेळी २ हजार रुपये दंड.

– कलम १९९-अ : गाडी अल्पवयीन मुलगा चालवत असेल तर पालकाला किंवा मालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद. गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द.

जागेवर तडजोडीने भरायची रक्कम राज्य सरकार ठरवतं, त्यामुळे चलनावरचा आकडा वरच्यापेक्षा वेगळा असू शकतो. दंड भरला म्हणजे सायलेन्सर कायदेशीर झाला, असंही नाही. पुढच्या नाक्यावर परत चलन होऊ शकतं. राज्यातल्या अनेक शहरांत पोलिसांनी जप्त केलेल्या सायलेन्सरवर रोडरोलर फिरवल्याची दृश्यं सगळ्यांनी पाहिलीच आहेत.

‘माझ्याकडे पीयूसी आहे’ हे उत्तर इथे चालत नाही. पीयूसीमध्ये धुरातले वायू मोजतात, आवाज मोजत नाहीत. ‘सायलेन्सरवर मान्यतेचा शिक्का आहे’ हेही तपासून बघा. मान्यता विशिष्ट मॉडेलसाठी असते, सरसकट कुठल्याही गाडीला लावायला नसते. आणि विम्याच्या कंपनीला न कळवता केलेला बदल अपघातानंतर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या दाव्यात आडवा येऊ शकतो.

ट्रॅक्टरवाल्यांनीही वाचावं

केंद्रीय मोटार वाहन नियम १२० मध्ये सायलेन्सरची सक्ती ट्रॅक्टरलाही आहे. आपल्याकडे ऊस वाहतुकीच्या हंगामात सायलेन्सर काढून नुसती उभी नळी लावलेले ट्रॅक्टर दिसतात. आवाजाचा प्रश्न आहेच, त्याहून मोठा प्रश्न ठिणगीचा आहे. काजळीचे पेटते कण सायलेन्सरच्या कप्प्यांत अडकून विझतात. सरळ नळीतून ते थेट बाहेर उडतात. वाळलेलं पाचट, कडब्याची गंज, मळणीला आलेला गहू, हे सगळं शेजारीच असतं. उन्हाळ्यात एका ठिणगीने वर्षाचा चारा जातो. फुटलेला, गंजून भोक पडलेला सायलेन्सर घेऊन खळ्यात जाऊ नका.

मूळ सायलेन्सर परत बसवताना

ज्यांनी बदललाय त्यांना परत फिरणं अवघड नाही. अर्ध्या तासाचं काम आहे. पण नीट करा.

१. गाडी पूर्ण थंड होऊ द्या. गंजलेल्या नटांवर आदल्या रात्री तेल सोडून ठेवा.

२. सांध्याचं गॅस्केट जुनं वापरू नका. नवं स्वस्त असतं, गळती मात्र महागात पडते.

३. सगळे बोल्ट आधी हाताने लावा, सायलेन्सर सरळ बसला का ते बघा, मग थोडे-थोडे करून सारखे आवळा. एकच बोल्ट आधी गच्च केला की पाइपावर ताण राहतो आणि पुढे तडा जातो.

४. सेन्सर त्याच्या जागी हलक्या हाताने बसवा. त्याची वायर गरम पाइपाला टेकू देऊ नका.

५. गाडी चालू करून लगेच, पाइप तापायच्या आत, सांध्यावर साबणाचं पाणी टाका. बुडबुडे आले तर गळती आहे.

६. कापलेल्या वायरी असतील तर त्या अधिकृत सर्व्हिस सेंटरवरच जोडून घ्या आणि ईसीयूतला एरर काढून घ्या.

सायलेन्सर टिकवायची एक साधी गोष्ट सांगतो. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास एक लिटर पाणी वाफेच्या रूपात तयार होतं. हिवाळ्यात सकाळी सायलेन्सरमधून पाणी टपकतं ते हेच. तो बिघाड नाही. पण घर ते चौक, चौक ते डेअरी एवढीच गाडी फिरवली तर सायलेन्सर तापत नाही, पाणी आत राहतं आणि आतून गंज चढतो. आठवड्यातून एकदा तरी वीस-पंचवीस किलोमीटर सलग चालवा. खाली पाणी निघायचं बारीक भोक असतं, ते ‘लीक आहे’ म्हणून एमसीलने बुजवू नका.

हौस करायची तर

आवाज बदलायचाच असेल तर आधी कंपनीच्या शोरूममध्ये विचारा. तुमच्या मॉडेलसाठी मान्यताप्राप्त अ‍ॅक्सेसरी असेल आणि तिचे कागद मिळत असतील, तरच पुढे जा. कागद नसेल तर तेच पैसे चांगलं हेल्मेट, टायर किंवा मागच्या सीटसाठी बॅकरेस्टवर घाला. आईला तालुक्याला नेताना ते उपयोगी पडेल.

आणि गावाला त्रास होत असेल तर वाद घालत बसण्यापेक्षा गाडीचा नंबर आणि वेळ लिहून ठेवा, ११२ वर किंवा आपल्या पोलीस ठाण्यात कळवा. परीक्षेच्या आधी ग्रामसभेत हा विषय घ्या. पोलीस पाटील आणि तंटामुक्ती समिती यांनी पोरांना एकदा बसवून समजावलं तर अनेक गावांत दंडाची वेळच येणार नाही. त्या बैठकीला तालुक्यातला एखादा चांगला मेकॅनिक बोलवा आणि जळालेला वाल पोरांच्या हातात द्या. कलमं विसरली जातील, पण तो वाल बघितलेला पोरगा चावी बंद-चालू करताना दोनदा विचार करेल.